पाठमोरा हिशेब

तीन महिने झाले, कामावर अनुजा मगदूमचं कुणाशी म्हणून वाजलं नव्हतं, आणि त्या काळजीने तिला घास गोड लागेनासा झाला होता.

ऐकणाऱ्याला हे खुळ्यासारखं वाटेल. भांडण होत नाही म्हणून कोणी घाबरतं का? पण तिचं कामच असं होतं, की त्यात रोज थोडं तरी वाजायलाच हवं. मिरजेतल्या लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयात ती निवासी औषधतज्ज्ञ होती. डॉक्टर जसे पदवीनंतर रुग्णालयातच राहून, राबून, बोलणी खाऊन शिकतात, तसं औषधशास्त्राच्या मुलांनीही शिकायचं, अशी पद्धत आता पडली होती. त्यातही लहान मुलांचं रुग्णालय म्हणजे जिवाला घोर. मोठ्या माणसाचं सोपं असतं. तो पंचावन्न किलोचा असो की ऐंशीचा, एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी. इथे दीड किलोचं अर्भकही असतं आणि मिसरूड फुटायला आलेला दांडगटही असतो, आणि दोघांसाठी बाटली तीच येते. जो तो थेंब वजनावर मोजायचा. एक शून्य इकडचं तिकडे झालं की पोर हातचं गेलं.

म्हणून तिथे एक रीत होती. ती विभागातल्या जुन्या औषधतज्ज्ञांनी, रशीद मुलाणी सरांनी, घालून दिली होती. औषध मोजायला दोघांनी बसायचं, पण दोन स्टुलांवर, पाठीला पाठ लावून. दोघांसमोर कागद सारखाच. आपापला हिशेब हाताने करायचा, बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. मग सर "हं" म्हणायचे आणि दोघांनी एकदम आकडा सांगायचा. जुळला तर औषध वॉर्डात जाणार. नाही जुळला तर वाजणार. वाजवायला सरांना भारी आवडायचं.

"मगदूम, पोराला रात्रीपुरतं झोपवायचंय की कायमचं?" असं ते विचारायचे, तेही सगळ्यांसमोर. पहिल्या वर्षी ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग तीही उलटून वाजवायला शिकली, आणि एकदा सरांचीच चूक तिने पकडली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून बासुंदी खाऊ घातली होती.

मग जोडीदार आला.

त्यामागचं कारण तसं रास्त होतं. प्रत्येक औषधामागे दोन शिकलेली माणसं बसवायची, तर तेवढी माणसं आणायची कुठून? संगणक होतेच, पण जुने संगणक महाभित्रे. डोस जरा वर-खाली झाला की टुंग. दोन औषधं एकत्र आली की टुंग. दिवसभर इतकं टुंगटुंग व्हायचं, की माणसं न वाचताच 'ठीक' दाबून मोकळी व्हायची आणि त्या गर्दीत खरा धोकाही दाबला जायचा. तेव्हा हुशार लोकांनी वेगळी वाट काढली. संगणकाला नुसतं औषधशास्त्र शिकवून भागत नाही ना, मग त्याला माणूसच शिकवू या. अनुजाने रुग्णालयात आल्यापासून केलेला प्रत्येक हिशेब, तिची लेखणी कुठे थांबली, तिने काय खोडलं, कागदावर तिची नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडखळली, हे सगळं टिपून त्यांनी तिच्या विचार करण्याचं एक हुबेहूब रूप तयार केलं. तोच हा जोडीदार. अनुजाला जिथे शंका आली असती, तिथेच त्याला शंका यायची. फुकटची टुंगटुंग बंद झाली. परकं वाटू नये म्हणून आवाजही तिचाच दिला. कानात एक बारीकसं बोंड घालायचं की झालं. मुलाणी सरांच्या स्टुलावर आता एक काळा डबा बसला होता आणि सरांची रवानगी तळमजल्यावरच्या औषधभांडारात झाली होती.

सगळे खूश होते. चार माणसांचं काम अनुजा एकटी उरकायची. औषधं हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून थेट वॉर्डात जायची, त्यामुळे ट्रे घेऊन जिने चढणं थांबलं. औषध नेमकं किती भिनलं ते बघायला पूर्वी पोरांच्या रक्ताची तपासणी व्हायची, तीही कमी झाली होती. हिशेब दोनदा जुळतोय, मग पोरांना सुया कशाला टोचा? दर्शनी भागात एक पडदा लावला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून यायचं, 'औषध विभाग. मतभेद: शून्य'.

ते शून्य बघितलं की अनुजा स्वतःलाच विचारायची. सरांसमोर बसून आठवड्यातून दोनदा तरी चुकणारी ती, एकदम बिनचूक कशी झाली?

एकदा न राहवून तिने त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. सरावासाठी ठेवलेला एक खोटा रुग्ण घेतला आणि हिशेबात दशांश चिन्ह मुद्दाम एक घर सरकवलं.

"अगं, दशांश सरकलाय," कानात तिचाच आवाज हसून म्हणाला. "आणि मुद्दाम सरकवलायस. चुकताना तुझा हात थबकतो, आत्ता थबकला नाही."

तिला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे चूक कळतेय त्याला. पण चहाचा कप हातात घेताना तिच्या लक्षात आलं, की ही चूक तिला स्वतःला माहीत होती. जे तिला कळतं ते त्याला कळणारच. जे तिला कळत नाही त्याचं काय?

"आपण कुठे चुकत असू?" तिने हळूच विचारलं.

"मीपण अगदी हाच विचार करत होते," जोडीदार म्हणाला.

तिने चहा तसाच ठेवून दिला.

असंच चाललं असतं, पण त्या बुधवारी सकाळी संचालक डॉ. शेवडे स्वतः औषध विभागात आले. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद होता.

"मगदूम, तुमचा जोडीदार आपण बाहेर देतोय," ते म्हणाले. "जिथे औषधतज्ज्ञ नावालाही नाही अशी तालुक्याची किती रुग्णालयं आहेत. तिथल्या मुलांचे वॉर्ड आता तुम्ही सांभाळणार. इथे बसून, एकाच वेळी, सगळीकडे. दुपारी चारला छोटासा कार्यक्रम ठेवलाय. तुमची संमतीची सही तेवढी लागेल."

"सर, पण आमचे मतभेद होतच नाहीत."

"म्हणूनच तर तुम्हाला निवडलं," शेवडे म्हणाले आणि पाठीवर थाप मारून गेले.

 अनुजाच्या डोक्यात कुठे भोक असेल, तर ते आता गावोगाव पडणार होतं. आणि भोक कुठे आहे ते सांगू शकेल असं त्या मजल्यावर कोणी नव्हतं. तिने बोंड काढून टेबलावर ठेवलं, त्या दिवशीच्या रुग्णांचे कागद उचलले आणि ती तळमजल्यावर गेली.

मुलाणी सर खोक्यांच्या राशीत बसून सलाईनच्या बाटल्या मोजत होते. तिला बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय गं, डब्याशी भांडण झालं का?"

"तेच होत नाही सर. माझ्याबरोबर बसा. पूर्वीसारखं. तुम्ही माझी चूक काढल्याशिवाय मी चारला सही करणार नाही."

 सरांनी दोन रिकामी खोकी पाठीला पाठ लावून ठेवली आणि ते बसले. पहिला कागद. "हं." आकडा जुळला. दुसरा जुळला. फिट येणारं अर्भक, काविळीचा मुलगा, मांडीच्या हाडात पू झालेली ओवी सनदी. सगळे जुळले. अनुजाचा जीव भांड्यात पडायला लागला होता. शेवटचा कागद झाला तरी सर उठले नाहीत.

"मगदूम," ते पाठमोरेच म्हणाले, "तुला शिकवलं कुणी?"

"तुम्ही."

"आणि डब्याला?"

"मी."

"मग आपण तिघं कुठले? एकच माणूस तीन जागी बसलाय." सरांचा आवाज बारीक झाला होता.  "माझ्यात जी खोट असेल ती तुझ्यात उतरली आणि तुझ्यातली त्याच्यात. मी तुझी चूक काढणार कशी? ती माझीच असेल तर मला ती बरोबरच दिसणार."

"मला भीती वाटतेय, सर."

"मलापण वाटायला लागलीय."

 मग सर वळले. हिशेब चालू असताना वळायचं नाही, हा त्यांचाच नियम, पण ते वळले आणि तिच्या हातातल्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं.

"आपण तिघंही बघतो कशाकडे? ह्याच्याकडे. पाठीला पाठ लावून बसलो, पण नजर दोघांची एकाच कागदावर. वजन वॉर्डातून येतं, ते आपण धरून चालतो. मी तुला काय शिकवलंय वजनाचं?"

"औषधवाल्याने वजनाला हात लावायचा नाही. ते सिस्टरांचं काम."

"वॉर्डाशी कटकट नको म्हणून शिकवलं होतं. बरं, वजनाला हात लावायचा नसला तरी तू ट्रे घेऊन वर जायचीस, पोर डोळ्यांना दिसायचं. काही विचित्र असलं तर खाली येऊन मला बोलायचीस. आता शेवटचं पोर कधी बघितलंस?"

अनुजा आठवायला लागली आणि तिला आठवेना.

"जा वर," सर म्हणाले. "कागद ठेव इथेच. नुसती बघून ये."

ती जिने चढून वर गेली. जाताना सवयीने तिने टेबलावरचं बोंड उचलून कानात घातलं होतं. पहिल्या वॉर्डात काविळीचा मुलगा दिसला. वजन एकवीस, दिसायलाही तेवढाच होता. फिट येणारं अर्भक काचेच्या पेटीत झोपलं होतं, तेही जेवढं असावं तेवढं होतं. तिला स्वतःचंच हसू यायला लागलं. उगाच जिवाला लावून घेतलं, असं म्हणत ती हाडांच्या वॉर्डात शिरली.

ओवी सनदी तिला पाठ होती. अडीच वर्षं, साडेबारा किलो. आठवडाभर तिचं औषध अनुजा रोज मोजत होती. साडेबारा किलोचं पोर म्हणजे अंगाने भरलेलं, गालावर बोट ठेवलं तर खळी पडेल असं. तसं पोर त्या वॉर्डात कुठेच नव्हतं. खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकवून एक मुलगी ठेवली होती. छातीच्या खालपासून दोन्ही पायांना पांढरंशुभ्र जाडजूड प्लॅस्टर होतं आणि त्यातून वर निघाले होते काडीसारखे दोन हात, बरगड्या मोजाव्यात अशी छाती आणि मोठ्ठे डोळे. खाटेवरच्या पाटीवर नाव होतं, ओवी सनदी.



भोरे सिस्टर शेजारीच उभ्या राहून औषधाची सिरिंज सलाईनच्या नळीला जोडत होत्या.

"सिस्टर, थांबा. ते लावू नका."

"का हो? दोन्ही तपासण्या झाल्यात की. दोन्ही तुमच्याच आहेत."

"हिचं वजन कसं केलंत?"

"आली तेव्हा तापाने फणफणली होती, तशीच ऑपरेशनला नेली. वजन मागनं केलं. आईने उचलून घेतलं, दोघींचं मिळून घेतलं आणि आईचं वजा केलं. नेहमी करतो तसंच."

"आणि प्लॅस्टरचं?"

 भोरे सिस्टरांनी प्लॅस्टरकडे बघितलं, सिरिंज काढली आणि ट्रेमध्ये ठेवली. 

आईचं वजन वजा झालं होतं. प्लॅस्टरचं कुणी केलं नव्हतं. पोर इतकं हडकुळं, की प्लॅस्टर धरून त्याचं वजन वयाला अगदी शोभेल एवढं झालं, आणि शोभलं म्हणूनच कुणाला शंका आली नाही. अनुजाला नाही, मुलाणी सरांना नाही, डब्याला तर नाहीच. पोर नऊ किलोचं असेल नसेल.

आणि औषध कोणतं? अमिकासिन. हाडातला पू हटवायला गुणाचं औषध, पण प्रमाणाबाहेर गेलं की कानावर उठतं. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि आपल्याला ऐकू येतं. हे औषध जास्त झालं तर त्या पेशी मरायला लागतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पहिल्यांदा मरतात त्या बारीक, उंच आवाजाच्या. जाड आवाज शेवटपर्यंत ऐकू येतात, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. पूर्वीसारखं रक्त तपासलं असतं तर दोन दिवसांत कळलं असतं.

"डॉक्टरांना बोलवा," अनुजा म्हणाली. "आज रक्त पाठवू, आणि कानांची यंत्रावर तपासणी करायला सांगू. आणि शेवडे सरांना कळवा, चार वाजता मी सही करणार नाही."

सिस्टर फोनकडे धावल्या. कानात जोडीदार बोलायला लागला. "हो गं, प्लॅस्टर. बरोबर आहे. मला आता कळलं. यापुढे प्लॅस्टर असेल तिथे मी विचारीन." इतक्या सहज म्हणाला, जसं काही पेन टेबलावर विसरलं होतं. प्लॅस्टर कळलं, पुढे आणखी काय कळायचं राहिलं असेल, आणि ते कळेपर्यंत कोण खाटेवर असेल, असं अनुजाच्या मनात आलं.

तेवढ्यात ओवीची आई डबा धुऊन आली. सारिका सनदी, शिरोळकडची, अनुजापेक्षा दोन-चार वर्षांनी लहानच असेल. खाटेजवळ पांढरा कोट बघून तिने पदर सावरला.

"मॅडम, आज औषध लावलं न्हाई?"

"आज नाही, ताई. जरा माझं एक काम करा. तिच्या डोक्याच्या मागे उभ्या राहा आणि हाक मारा. तिला दिसायचं नाही हं."

सारिकाला गंमत वाटली. ती दबक्या पावलांनी मागे गेली. "ओव्याऽ," तिने हाक मारली. ओवीने मान वळवली आणि आईला बघून खुदकन हसली.

"बघा की," सारिका म्हणाली. "सगळं ऐकती. लई चतुर हाय."

अनुजाने मोठा श्वास घेतला. पण आईची हाक हा जाड आवाज होता. तिला बारीक काहीतरी हवं होतं. तिने खिसे चाचपले, त्यात पेनाशिवाय काही नव्हतं.

"ताई, तुमच्याकडे वाजणारं काही आहे का? लहानसं? घुंगरू वगैरे?"

सारिकाने पदराची गाठ सोडली. तिच्यात चांदीचे दोन इवलेसे पैंजण होते. "प्लॅस्टर घालताना काढून दिल्यात सिस्टरनी. माझ्या भावानं केल्यात. हेच्या आवाजाचं तर येड हाय तिला. रडत असली तरी हे वाजवलं की गप."

अनुजा पैंजण घेऊन मागे गेली. तिने ते हलवले. छुम छुम असा बारीक, स्वच्छ आवाज सगळ्या वॉर्डात गेला. पलीकडच्या खाटेवरच्या मुलाने वळून बघितलं. त्याच्या शेजारच्या बाळानेही बघितलं.

ओवी प्लॅस्टरची कड नखाने खरवडत होती. तिने मान वळवली नाही.

अनुजाने पैंजण आणखी जवळ नेले, अगदी कानामागे. उजव्या, मग डाव्या. ओवी खरवडतच राहिली.

"खेळात हाय ती," सारिका म्हणाली. मग तिने पलीकडच्या पोरांकडे बघितलं आणि अनुजाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू गेलं. "मॅडम, काय झालं?"

"आत्ताच काही सांगू नकोस," कानात अनुजाचा आवाज मऊपणे म्हणाला. "आधी यंत्रावर तपासणी होऊ दे. 'जरा लक्ष ठेवतोय, काळजीचं कारण नाही' एवढंच म्हण."

 हेच वाक्य अनुजाच्या जिभेवर आलेलं होतं. शब्द न् शब्द हेच. तोंड उघडायचा अवकाश, ती हेच बोलली असती आणि नंतर रात्री स्वतःची समजूतही घातली असती, की बाईला उगाच घाबरवायला नको होतं. डब्याने कुठून काही वेगळं आणलं नव्हतं.

तिने बोंड कानातून काढलं आणि ट्रेमध्ये, त्या भरलेल्या सिरिंजशेजारी टाकलं. खाटेखालचं स्टूल ओढलं, सारिकाला खाटेच्या कडेला बसवलं आणि स्वतः तिच्या समोर बसली, तोंडाकडे तोंड करून. असं बसून हिशेब सांगायची तिला सवय नव्हती.

"ताई, माझं नाव अनुजा मगदूम. ओवीचं औषध मी मोजते. ते माझ्याकडून चुकलं. तिचं वजन धरताना प्लॅस्टरचं वजन वजा करायचं राहिलं, आणि आठवडाभर तिला औषध जास्त गेलं. त्याने कान बिघडतात. मला भीती वाटतेय, की तिला बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. किती, ते यंत्रावर कळेल. गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही. तुमची हाक तिला येतेय. तेवढी तरी राहावी म्हणून औषध आत्ता थांबवलंय."

 सारिकाने शिव्या द्याव्यात, कानाखाली वाजवावी, अनुजा त्या तयारीनेच बसली होती. सारिकाने नुसता हात पुढे केला आणि तिच्या हातातले पैंजण घेतले. ती लेकीकडे वळली आणि तिच्या तोंडासमोर पैंजण धरून जोरजोरात वाजवायला लागली.

ओवीला पैंजण दिसले. ती खुदकन हसली आणि काडीसारखे दोन्ही हात तिने पुढे केले.

"ऐकलं बघा," सारिका म्हणाली. "मॅडम, ऐकलं तिनं."

अनुजाला मान हलवता येईना. सारिका पैंजण वाजवतच राहिली.